इस्त्रीच्या तळाशी चिकटलेलं

नलूवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. फळ्यावर अर्धं गणित लिहून झालं होतं. माझी भाची प्रज्ञा एवढंच म्हणाली, "आत्या, आई गेली गं," आणि मला त्या क्षणी रडू आलं नाही, वास आला. जळलेल्या टेरिलीनचा. गोडसर, घशाला चिकटणारा. मुलींना विचारलं, काही जळतंय का? त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आज सात आठवडे झाले. तो वास अजूनही मधूनच येतो आणि मी उठून गॅस बघते, स्विचबोर्ड बघते. कुठेच काही जळत नसतं...

वहिनी कळवणची. तिचे वडील तिथल्या स्टँडजवळ टपरी टाकून कपड्यांना इस्त्री करायचे, कोळशाच्या इस्त्रीनं. वहिनी त्या टपरीतच मोठी झाली. लग्न होऊन आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या शाळेच्या स्कर्टच्या चुण्या अशा बसवून दिल्या की बाईंनी विचारलं, कुठल्या लाँड्रीत देतेस? कापडाला नुसतं बोट लावून ती सांगायची, याला किती ताप सोसेल. आमच्या घरात तिचं म्हणून जे काही होतं, ते एवढंच होतं. ही एक कला, आणि तिचा थोडासा अभिमान.

दादाच्या लग्नानंतर तीन महिन्यांनी अण्णा गेले. अण्णा म्हणजे माझे वडील, देवळाली कॅम्पात एका ऑफिसात कारकून होते. लग्नासाठी त्यांनी कॅम्पातल्या शिंप्याकडून पांढरा टेरिलीनचा शर्ट शिवून घेतला होता. तो त्यांनी एकदाच घातला. आईनं तो न धुता कपाटात ठेवला, कारण त्याला अण्णांचा वास होता. दुपारी घर निजलं की ती कपाट उघडून उभी राहायची. आम्ही बघितलं नाही असं दाखवायचो. त्या शर्टाला कुणी हात लावायचा नाही, हे तिनं एकदाच सांगितलं होतं.

अण्णांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी आई बुद्धविहारात गेली होती, दुसऱ्या दिवशीच्या वंदनेचं ठरवायला. दादा कामावर होता. वहिनी मागे धुणं धूत होती. मला वाटलं, उद्या अण्णांच्या फोटोपुढे हा शर्ट ठेवतील, आणि तो असा चुरगळलेला? अण्णा किती टापटिपीचे होते... मी शर्ट काढला, इस्त्रीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि ती चांगली तापल्यावर शर्टाच्या पाठीवर ठेवली. ती सरकेचना. मी जोर लावला. मग उचलली, तर शर्टाची पाठ तिच्याबरोबरच उठून आली. धूर झाला. शर्टाला आरपार भोक पडलं होतं आणि इस्त्रीच्या तळावर काळा चिकट थर उकळत होता.

मी ओरडलेही नाही. वासानं वहिनी धावत आली. ओल्या हातांनी तशीच. आधी हात पुसले, मग म्हणाली, "पिन काढ आधी." मग शर्ट बघितला. बराच वेळ बघितला.

मी चाकू आणला, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "चाकू नको. ओरखडा पडला की पुढचा प्रत्येक कपडा तिथंच अडकंल." तळ कोमट असतानाच तिनं लाकडी उलथण्याच्या धारेनं तो थर कडेकडेनं उचलला. पेपरवर जाडं मीठ पसरलं, इस्त्री पुन्हा थोडी तापवली आणि मिठावरून फिरवायला लागली. मीठ तडतडत होतं, काळं होत होतं. ती पेपर बदलायची, नवं मीठ घालायची. शेवटी मेणबत्ती फिरवून सुती चिंधीनं तळ पुसला. आरशासारखा लख्ख. वाकलेली तिची पाठ मला अजून दिसते. तेवढा सगळा वेळ ती ठरवत होती, हे मला फार नंतर कळलं.

फाटकाची कडी वाजली तेव्हा ती म्हणाली, "तू गप्प राहा. मी केलं असं सांगते."

"वहिनी, नको ना..."

"ती आई हाय तुझी. आत्ता तिला तुझ्याशिवाय कोण हाय? तुझ्यावरून मन उडालं तर जगायची नाय ती. मी काय, नवीनच हाय. माझ्यावर चार दिवस रागावतील, मग विसरतील."

आई आत आली. हातात उद्यासाठी आणलेल्या मेणबत्त्या होत्या. वहिनी म्हणाली, "आई, माझ्याकडून चूक झाली." आईनं शर्ट उचलला आणि नाकाशी नेला. त्याला आता दुसराच वास होता. तो वास घेताना आईचा चेहरा जसा झाला, तो मी आयुष्यात पुन्हा कुणाचा पाहिलेला नाही.

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू इस्त्रीवाल्याची मुलगी. तुला टेरिलीन कळत नाही? चूक नाही ही. तू मुद्दाम केलंस."

वहिनीनं याचा विचारच केला नव्हता. तिनं झटकन माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी बोलायला हवं होतं. मी फरशीवर सांडलेलं मीठ गोळा करत राहिले.

आमच्या घरात पायगुण वगैरे कुणी मानत नव्हतं. शेजारची एखादी बाई तसं बोलली तर आई तिला झापायची. त्या दिवशी आई स्वतः ते बोलली. "तू आलीस आणि हे गेले. आता एवढं उरलेलं पण ठेवलं नाहीस." संध्याकाळी दादा आला. त्यानं ऐकून घेतलं, वहिनीला काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे कपडे बाहेर लाँड्रीत जायला लागले. वहिनीनं त्या घरात पुन्हा इस्त्री हातात घेतली नाही. कुणी मनाई केली नव्हती.

चार दिवस गेले, चार वर्षं गेली. मी डी.एड. झाले, नोकरीला लागले, लग्न होऊन इंदिरानगरला आले. आईची सेवा शेवटपर्यंत वहिनीनंच केली. आई तिच्या हातचं खायची, तिच्याशी कामापुरतं बोलायची, आणि कपाटाची किल्ली मात्र उशीखाली ठेवायची. दर भेटीत मी ठरवून जायचे की आज सांगायचं. आई माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवायची, आणि मी चहा पिऊन परत यायचे. आठ वर्षांपूर्वी आई गेली.

वहिनी आजारी पडली तेव्हा मी रोज दवाखान्यात जात होते. शेवटच्या भेटीत तिचे पाय चेपता चेपता म्हटलं, "वहिनी, मी दादाला सगळं सांगते आता."

तिनं डोळे उघडले. दुखण्यात तिची बोली पुन्हा माहेरची झाली होती. "आता कशाला? आई व्हत्या तवा सांगायचं." डोळे मिटून म्हणाली, "मी लय वाट पाह्यली गं तुझी." आवाजात राग नव्हता. मग तिनं पाणी मागितलं. दोन दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला.

वहिनीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली, तेव्हा मी दादाला बसवून सगळं सांगितलं. प्रज्ञा तिथेच सतरंज्या घडी करत होती, तिचे हात थांबले. शेवटी दादा एवढंच म्हणाला, "तुझं मन मोकळं झालं. मी आता कुणाची माफी मागू?" आणि उठून आत गेला. तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं.

तरी मी दर रविवारी जाते. प्रज्ञा दार उघडते, दादा पेपरमागे बसलेला असतो. मागच्या रविवारी ती म्हणाली, "आत्या, जरा मदत कर ना, घर पुसून काढू." मी स्वयंपाकघराकडे वळले. आई असताना वहिनी बाहेरच्या खोलीत कधी बसली नाही. सगळ्यांना चहा दिला की आपला कप घेऊन स्वयंपाकघराच्या चौकटीला डोकं टेकून उभी राहायची, आणि आई गेल्यावरही तिची ती सवय गेली नाही. चौकटीच्या पिवळ्या रंगावर तिच्या डोक्याच्या उंचीला तेलकट, काळपट डाग पडला आहे, तळहाताएवढा. मी फडकं साबणाच्या पाण्यात पिळलं आणि हात वर केला.

"तेवढं पुसू नकोस."

दादाचा आवाज. पेपर खाली आला नव्हता. पण चौकटीपाशी मी एकटीच होते, आणि फडकं माझ्याच हातात होतं.