पुढे ढकललेली लदीन

आरोंद्यात खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर आमच्या घराचा क्रूस आहे. दगडी, चुना लावलेला, छातीइतका उंच. दरवर्षी मे महिन्यात ठरलेल्या संध्याकाळी तिथे लदीन व्हायची. शेजारी जमायचे, मेणबत्त्या लावायचे, मारियेची स्तुती गायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या ओंजळीत उकडलेले चणे पडायचे. जमणाऱ्यांत निम्मी घरं हिंदू. झेंडूचा हार शेजारची काकी आणायची.

ही आईची आंगवण होती, तिने बोललेला नवस. धाकटा भाऊ लहानपणी काविळीने अत्यवस्थ होता, तेव्हा ती क्रूसासमोर बोलली होती, की हा वाचला तर दरवर्षी याच दिवशी लदीन करीन. तो वाचला. तिने एकही वर्ष चुकवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी कणकवलीत निवडणुकीच्या बातम्यांवर होतो. सुटी मिळेना. लदीन आठ दिवस पुढे ढकल, असं आईला फोनवर सांगितलं. ती आधी नको म्हणाली, मग हो म्हणाली. पाचव्या दिवशी भाऊ बागेत काजू वेचताना कोसळला. वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकेचाळीस, हृदयविकाराचा झटका. निधनाची बातमी मीच लिहिली. पाच ओळी.

त्यानंतर आईने लदीन बंद केली. रविवारी ती चर्चमध्ये मिस्साला जायची, पण ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घ्यायला पुढे जायची नाही. शेवटच्या बाकावर बसून राहायची. फादर घरी येऊन दोनदा समजावून गेले. तिचं म्हणणं बदललं नाही. देवाने त्याचा शब्द पाळला होता, आपण मोडला. मोडणाऱ्याने त्याच्या मेजाला हात लावू नये.

मला युक्तिवाद जमत नाही. कागद वाचता येतो. म्हणून या उन्हाळ्यात सुटीवर आलो तेव्हा घरातलं बायबल काढलं आणि देवाने माणसांशी केलेले करार, जमिनीच्या वादातली कागदपत्रं वाचावीत तसे, क्रमाने वाचले. कोणी कोणाला काय कबूल केलं, अटी काय, मोडल्यास काय. नोहाशी झालेल्या करारात अट सापडली नाही. मेघातलं धनुष्य देवाने स्वतःलाच आठवण राहावी म्हणून ठेवलं आहे. सीनाय डोंगरापाशी झालेल्या करारात मात्र अटी आहेत. लोकांनी त्या कबूल केल्या आणि मोडल्या. त्यावर पुढे संदेष्ट्यांमार्फत आलेलं उत्तर शिक्षेवर संपत नाही. तिथे नव्या कराराचं वचन आहे, अंतःकरणावर लिहिलेल्या. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हातात घेऊन येशू त्याच नव्या कराराविषयी बोलतो.

अब्राहामाचं प्रकरण मी दोनदा वाचलं. दुपारी ओसरीवर आई चणे निवडत होती, तिला ते सांगितलं. त्या काळी करार करताना जनावरं चिरून दोन रांगांत मांडत, आणि मधून चालत जात. अर्थ असा की मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो. इथे सूर्य मावळताना अब्राहामाला गाढ झोप लागली. धुराची भट्टी आणि जळती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून गेली. म्हणजे देव एकटा चालला, शब्द मोडल्याची शिक्षा त्याने माणसावर ठेवलीच नाही.

"आनी अब्राहाम?"

"निजलेलो."

"मगे तो तुझ्यासारखो. कामाच्या वेळार निजणारो."

ती हसली नाही, पण हात थांबले. मी पुढे सांगितलं, की तुझी आंगवण आणि देवाचा करार एक नव्हे. आठ दिवसांच्या उशिरासाठी तो मुलगा नेत नाही.

"म्हणजे मी मोडूक नाय."

"नाय."

तिने सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मगे माझो झील कित्याक गेलो?"

हा प्रश्न येईल असं मी धरलं नव्हतं. बातमीत कारण मिळालं नाही तर ते वाक्य काढून टाकतात. इथे काढता येण्यासारखं काही नव्हतं. दोन वर्षं तिच्याकडे एक उत्तर होतं. खोटं, पण उत्तर. ते मी काढून घेतलं होतं.

मग जे आधीच सांगायला हवं होतं, ते सांगितलं. दिवस पुढे ढकलायला लावलं ते मी. चूक धरायचीच तर माझी.

"ठाऊक आसा, पुता," ती म्हणाली. "ती तुझ्या नावार गेली तर तू मोडून जातलंस. म्हणान माझ्याकडे ठेवलंय."

ती पुन्हा खडे वेचू लागली. मी उठून बायबल आत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी लदीनची तारीख होती. आईने चणे भिजत घातले. आता आंगवण नव्हती. ज्याच्यासाठी शब्द दिला होता तोच उरला नव्हता. संध्याकाळी काकी हार घेऊन आली, शेजारी गायले. आई गुडघे टेकून बसली नाही. क्रूसासमोरच्या दगडावर बसली आणि शेवटपर्यंत त्याच्याकडे सरळ बघत राहिली. गाणं संपल्यावर उठली, चणे वाटले. माझ्या ओंजळीत दोनदा घातले, एकदा भावाच्या वाटणीचे.

रविवारी मिस्साला ती ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे गेली. तो प्रश्न तिने मला पुन्हा विचारलेला नाही.