उजव्या बुटावरचे ओरखडे

शुक्रवारची ती परेड मी अजून विसरलेलो नाही. ठाण्याच्या आवारात बावीस जण रांगेत उभे होते. मी गणवेश तपासत चाललो होतो आणि एका शिपायाच्या बुटांपाशी थांबलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या बुटांनी जसा हादरा दिला तसा दुसऱ्या कशानेही दिला नाही.

त्या वेळी मी सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास एक विडी कामगार बाई वळलेल्या विड्यांची टोपली घेऊन कारखान्यात भरायला निघाली होती. मोटारसायकलने तिला उडवले. चालक पसार झाला. एका रिक्षावाल्याने बाईला सिव्हिलला नेले. तोवर ती बेशुद्ध झाली होती.

साडेआठला आम्ही घटनास्थळाचा पंचनामा केला. रस्ता कोरडा, सरळ, उजेड पुरेसा. ब्रेकच्या खुणा नाहीत. टेपचे एक टोक हवालदाराकडे होते, दुसरे आठच्या हजेरीला आलेल्या एका तरुण शिपायाकडे. माप झाल्यावर त्या शिपायाने रस्त्यावर विखुरलेल्या विड्या वेचून टोपलीत भरल्या. कुणी सांगितले नव्हते. बाईची मुलगी धावत आली तेव्हा त्याने टोपली तिच्या हातात दिली. मी पंचांच्या सह्या घेत होतो. पोरगा मायाळू आहे, एवढे मनात आले आणि मी कामाला लागलो.

कापड दुकानाच्या कॅमेऱ्यात हेल्मेट घातलेला एक पाठमोरा माणूस आणि बुटकी, लांबट टाकीची मोटारसायकल दिसली. गाडी आजकालची नव्हती. नंबर प्लेट नव्हतीच.

बुधवारी दुपारी बाई गेली. संध्याकाळी तोच शिपाई माझ्या खोलीत आला.

"साहेब, एक खबर आहे. भवानी पेठेत एकजण घरामागच्या शेडमध्ये जुनी विलायती मोटारसायकल दुरुस्त करून उभी करतोय. परवापासून तिच्यावर ताडपत्री हाय."

"कोण आहे?"

"माझे सासरे, साहेब."

मी खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. नात्यातला माणूस असल्याने त्याला या तपासापासून लांब ठेवले आणि त्याच रात्री बक्षिसाच्या शिफारशीचा मसुदा लिहायला घेतला.

गुरुवारी सकाळी पंचांना घेऊन शेडवर गेलो. सासरा साठीचा, यंत्रमाग दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला कारागीर. माळशिरसकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यात गंजत पडलेली शर्यतीची मोटारसायकल त्याने पाच वर्षांपूर्वी आणली होती. मिळाले नाहीत ते भाग लेथवर स्वतः घडवले होते. मीही गाडी पाहून क्षणभर काम विसरलो. सीट एकाच माणसाचे. हँडल खाली झुकलेले. टाकीवर काळा रंग असा बसवलेला की त्यात पंचांचे चेहरे दिसत होते.

मी काही विचारायच्या आत सासरा म्हणाला, "मीच हुतो साहेब गाडीवर. बाई मधे आली. चला, येतो मी."

एवढ्या लवकर कबूल होणारा माणूस मला कधीच आवडला नाही. तरी पंचनामा सुरू केला. मी सांगत होतो, लेखनिक हवालदार लिहीत होता. "डाव्या पायाखालचा गिअरचा दांडा मागे वाकलेला..."

"गिअर न्हाय त्यो," सासरा मधेच म्हणाला.

"काय?"

"ब्रेक हाय. ह्या गाडीला ब्रेक डावीकडं, गिअर उजवीकडं. पहिला गिअर टाकताना उजवा चवडा दांड्याखाली घालून वर उचलायचा. चुकीचं लिहू नका साहेब."

हवालदाराने पेन उचलले. "म्हणजे उलटीच गाडी की ही."

"उलटी तुमची," म्हातारा म्हणाला. "ही पैल्यापासनं अशीच हाय."

पंच हसले. मला हसू आले नाही. अटक होऊ घातलेला माणूस माझा पंचनामा दुरुस्त करत होता, कारण गाडीबद्दल चुकीचे लिहिलेले त्याला सहन झाले नाही.

ठाण्यात आणून मी त्याला समोर बसवले, चहा दिला.

"बाई दिसल्यावर काय केलंस?"

"ब्रेक मारला."

"कुठला?"

"मागचा. पुढच्याची केबल अजून यायची हाय."

"मागचा कच्चा असेल."

"कच्चा?" तो ताठ झाला. "मी बसवलाय साहेब. दाबला की चाक जाग्यावर धरतंय. लई कडक हाय."

"मग रस्त्यावर चाक घासल्याची रेघ कशी नाही?"

त्याने कप खाली ठेवला.

रेघ नव्हती, कारण ब्रेक दाबलाच गेला नव्हता. ज्याचा पाय रोजच्या गाडीला सरावलेला आहे, तो घाबरला की उजवा पाय दाबतो. या गाडीवर उजव्या पायाखाली गिअर. ज्याने पाच वर्षे प्रत्येक बोल्ट हाताळला त्याच्याकडून ही चूक झाली नसती. गाडीवर दुसरा कुणीतरी होता, आणि हा म्हातारा त्याच्यासाठी तुरुंगात जायला तयार होता. मला शेजारपाजारचे, दोस्त, भाचे, पुतणे आठवत होते. ठाण्यातला माणूस आठवला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी शेडमध्ये परत गेलो. गिअरच्या दांड्यावर रबर बसवायचे राहिले होते. उघड्या लोखंडावर आडव्या, बारीक, धारदार खाचा होत्या. त्या मी बोटाने चाचपून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी परेड. त्या शिपायाचा डावा बूट आरशासारखा चमकत होता. उजव्याच्या चवड्यावर पॉलिशचे थर चढवले होते, पण त्याखाली चामड्यात कापलेल्या चार-पाच आडव्या बारीक रेघा दिसत होत्या. अंतर तेच. दांड्यावरच्या खाचांमधले.

मी आवाज चढवला नाही. "तुझ्या गाडीचा गिअर कुठल्या पायानं टाकतोस?"

उत्तर 'डावा' असे यायला हवे होते. त्याने खाली आपल्या उजव्या पायाकडे पाहिले.

खोलीत नेल्यावर तो फार वेळ टिकला नाही. सोमवारी ड्युटीवर यायच्या आधी त्याने गाडी फिरवून बघतो म्हणून हट्ट धरला. सासऱ्याने आधी नकार दिला होता, पण जावयाला दुसऱ्यांदा नाही म्हणवले नाही.

"उजवा पाय दाबला साहेब. रोज तोच दाबतो. गाडी थांबलीच न्हाय."

"तू थांबलास?"

"थांबलो. मागं बघितलं. ती बसली हुती. माझी टोपली कुठं हाय, असं इचारत हुती. बोलतीया म्हणजे बरी हाय असं वाटलं."

"आणि अडीच तासांनी तिथंच टेप धरलास."

तो रडायला लागला. मी विचारले, "सासऱ्याचं नाव सांगताना काही वाटलं नाही?"

"मामांनीच सांगायला लावलं."

हे मला खरे वाटले नाही. मी सासऱ्याला बोलावले. जावई पट्टा उतरवून बसलेला पाहिला आणि तो दारातच भिंतीला टेकला.

"कॅमेऱ्यात गाडी दिसली म्हणल्यावर तुमी आज ना उद्या येणारच हुता," तो म्हणाला. "त्यानंच खबर दिली तर त्याच्यावर कुणाचा डोळा जायचा न्हाय. लेकीला सातवा महिना हाय साहेब. माझं काय, मी म्हातारा."

"जी मेली तिलाही लेक आहे."

इतका वेळ माझ्याही मनात तिचा विचार तपासापुरताच होता.

बूट आणि दांडा जप्त करून प्रयोगशाळेत पाठवले. खुणा जुळल्या. शिपाई निलंबित झाला, त्याच्यावर दोषारोपपत्र गेले. खोटी माहिती देऊन आरोपीला वाचवल्याबद्दल सासराही आरोपी झाला. बक्षिसाचा मसुदा मी फाडला नाही. माझ्याकडे आहे. मी किती खात्रीने चुकू शकतो हे त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे. गिअर डावीकडेच असतो, हे मी न बघता धरून चाललो. घरच्या माणसाचे नाव सांगणारा खराच असतो, हेही न तपासता धरून चाललो. पुढे प्रत्येक खबरीला मी आणखी एक प्रश्न जोडला: ही खबर माझ्यापर्यंत यावी असे कुणाला वाटते?

अटकेनंतर त्या बाईच्या मुलीला सांगायला मी स्वतः घरी गेलो. सुपात तंबाखू तशीच पडलेली होती. तिने सगळे शांतपणे ऐकले.

"त्येच का, ज्यांनी बिड्या गोळा करून दिल्या?"

"हो."

तिने कोपऱ्यातली टोपली जवळ ओढली.

"मी त्यांच्या पाया पडले हुते की, सायब," ती म्हणाली. "बुटाला हात लावून."