आखाजीला सुटलेले गडी

चोपड्यात आजही कबड्डीचा विषय निघाला की लोक लीलाधर नानांच्या ढालीचं, त्यांच्या मांडवाचं आणि त्यांनी वाटलेल्या पेढ्यांचं कौतुक सांगतात. मला ते ऐकून मस्तकात तिडीक जाते. मी त्या वेळी पंचशील मंडळाच्या संघात होतो. संघात म्हणजे बहुतेक वेळ बाहेर, चुन्याच्या रेषेपलीकडे, टॉवेल घेऊन. माझं नाव कौतिक, पण खेळाचं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नाही. तरी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यात नानांचा वाटा कोणता होता हेही मला चांगलं ठाऊक आहे. सांगायचं ते द्रौपदाबाईचं आहे.

द्रौपदाबाई माहेरची दोंडाईच्याची, म्हणजे मिरचीच्या बाजारातली. लग्न करून आमच्या वस्तीत आली ती मिरचीचं पोतं घेऊनच आली असावी, असं तिचा नवरा यादवभाऊ म्हणायचा. संघ त्यानेच उभा केला होता. पुढे केळीची गाडी भरताना तो वरून पडला, कमरेला कायमचा मार बसला आणि बाजेला खिळला. आता संघ मोडणार असं आम्ही धरून चाललो होतो. तर तेराव्या दिवशी सुतक फिटल्यासारखी ही बाई उठली, मिरची कांडण्याचं काम जावेकडे दिलं आणि मैदानावर येऊन म्हणाली, "कोन कोन खेयस ते उभं ऱ्हा. बाकीनासनी घर जावानं." त्या दिवसापासून ती आमची अक्का. तिला चढाईतलं काही कळत नसे आणि कळतं असा आवही ती आणत नसे. कोणाला किती द्यायचं आणि कोणाला कसं टिकवायचं, एवढंच काम तिने आपल्याकडे ठेवलं.

ते काम सोपं नव्हतं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे कबड्डीत पैसा शिरला. दिवाळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हंगाम चाले आणि हंगामाला खेळाडूंना मानधन मिळे. ज्यांच्याकडे केळीचा पैसा, ते चांगला पोरगा दिसला की उचलून नेत. गावोगावचे संघ ओस पडायला लागले. तेव्हा तालुक्यातल्या सहा संघांची बैठक झाली. तिथे अक्का उभी राहिली आणि म्हणाली की खर्चाला हद्द घाला. कोणत्याही संघाने सगळ्या खेळाडूंना मिळून हंगामाला सहा हजारांवर एक पैसा द्यायचा नाही. कोणाला किती दिले त्याची यादी हंगामाच्या सुरुवातीला, सगळ्यांनी पंच मानलेल्या सुकदेव मास्तरांकडे द्यायची. यादीत नाव आलं की हंगामभर तो खेळाडू त्या संघाला बांधला.

केळीचे मोठे बागाईतदार आणि एका संघाचे मालक लीलाधर नाना हसत हसत हो म्हणाले. ते इतक्या सहज हसले तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

आमचा संघ दोघांवर उभा होता. चढाईला झुलाल आणि कोपऱ्यात चिंधा. झुलाल आत गेला की समोरचे सात जण मागे सरकायचे. चिंधाने पाय धरला की तो पाय सुटलेला मी पाहिला नाही. अक्काने या दोघांना दोन-दोन वाटे ठेवले होते आणि आम्हा बाकीच्यांना एकेक. माझाही एक. मी ते पैसे टॉवेल धरण्याचे घेतो असं चिंधा म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी झुलाल अक्काच्या दारात आला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे शेतावरच्या सालदाराचं साल आखाजीला सरतं. वर्षभर मालकाच्या वावरात राबायचं आणि आखाजीला सुटायचं. त्या दिवशी कोणी सालदार बैलाला हातसुद्धा लावत नाही. दुसऱ्या दिवशी बोलणं करून पुन्हा त्याच मालकाकडे किंवा दुसरीकडे नवं साल धरायचं. झुलालने नानांकडे साल धरलं होतं. रोख रक्कम, वर्षाचं धान्य, दोन कपडे आणि एक चामड्याचा जोडा. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. आमचे दोन वाटे त्याच्यापुढे काय टिकणार?

"आनि खेयशी कोनकडथून?" अक्काने विचारलं.

झुलालने मान खाली घातली. "नाना म्हनतस, सांजले त्यासना संघमा खेय. हौसखातर."

आता नानांचं हसणं कळलं. पगार शेतकामाचा, खेळ हौसेचा. यादीत झुलालचं नाव नाही, कारण खेळायचे पैसे नाहीत. हद्दही मोडली नाही आणि गडीही घरात आला. अक्काचं तोंड लाल झालं. "पोटकरता जास ना? मंग जाय. पन असं तोंड पाडीसन मना मोहरे हुबा ऱ्हाऊ नको."

तो गेला. मग ती घरात जाऊन मिरचीच्या डब्यांची एवढी आदळआपट करत बसली की अख्खी गल्ली खोकली.

त्या वर्षात नानांनी अशाच रीतीने आणखी तीन गडी उचलले, तीन वेगळ्या संघांतून. चारही सालदार, चारही हौशी. आम्ही सुकदेव मास्तरांकडे तक्रार केली. मास्तर माणूस सज्जन, पण कणा कच्चा. चष्मा पुसत म्हणाले, "द्रौपदाबाई, सालदारकी म्हणजे शेतकाम. आपला नियम शेतकामाला कसा लावायचा? झुलालचं नाव कोणत्याच यादीत नाही, हे तुम्हीसुद्धा पाहता आहात."

"पाही ऱ्हायनू," अक्का म्हणाली. आणि उठून घरी निघाली. ती एवढ्यावर थांबली की आम्हाला जास्त भीती वाटायची.

हंगाम सुरू झाला तेव्हा तिने वाटे केले आणि झुलालचे दोन वाटे यादीत रिकामे दाखवून तसेच बाजूला ठेवले. ना कोणाला दिले, ना नवा गडी घेतला. पोरं चिडली. सर्वांत आधी मीच म्हणालो, "अक्का, तो तर गया. त्याना वाटा आमले वाटी टाक ना."

"नही. ती जागा तशीच ऱ्हाई."

आम्ही मागे कुजबुजलो की बाईचा जीव त्या पोरात अडकलाय, गद्दाराचे लाड चाललेत. मला तर फार राग आला होता. आम्ही खरचटलेले गुडघे घेऊन खेळायचं, आणि पैसे त्याच्यासाठी राखून ठेवायचे जो रोज संध्याकाळी नानांची बनियन घालून फिरतो!

चिंधाने मात्र त्या वर्षी संघ ओढत नेला. त्याने आणि आमच्या हट्टाने आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. समोर अर्थात नानांचा संघ. त्याच सुमाराला नानांचा माणूस चिंधाकडे निरोप घेऊन आला. आखाजी झाली की तूही ये, झुलालसारखंच साल करू. चिंधाच्या घरी तीन लहान पोरं. तो अक्कापाशी आला आणि खरं ते सांगून टाकलं. झुलाल तिकडे, आता चिंधाही गेला तर पंचशील संपलं हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. पुढच्या दिवाळीला यादीत लिहायला माणसंच उरली नसती.

"आखाजीलोंग काही बोलू नको त्यासले," अक्का एवढंच म्हणाली.

अंतिम सामना आखाजीलाच होता. ढाल नानांची, मांडव नानांचा, तेव्हा दिवसही त्यांनीच ठरवलेला. सणाला लेकी माहेरी आलेल्या असतात, गडी रिकामे असतात, गर्दी होते. आमच्या वस्तीत आखाजीची पितरांची घागर कोणी पूजत नाही, पण आमरस कोणी सोडत नाही. त्या दिवशी सगळी वस्ती आमरस खाऊन सुस्त होती. लिंबाला झोके बांधले होते, बाया गाणी म्हणत होत्या, आणि पुरुष नेहमीप्रमाणे पत्त्यांत बुडाले होते. उन्हाचा कडाका सरता सरता अक्का नवं लुगडं नेसून निघाली. मागोमाग झोके सोडून बायाही निघाल्या. वर्षातून एक दिवस मोकळा मिळतो तो मैदानावर घालवायला कोणी तयार होईल असं मला वाटलं नव्हतं.

दोन्ही संघ रेषेवर उभे राहिले. शिट्टी वाजणार एवढ्यात अक्का सरळ मैदानात चालत गेली आणि पलीकडच्या संघातल्या झुलालसमोर थांबली.

"झुलाल, आज तू कोना सालदार शे?"

झुलाल गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "आज कोनाच नही, अक्का. साल सरनं."

नाना खुर्चीवरून उठले. मास्तर धावत आले. अक्का नानांकडे वळली. मैदानभर ऐकू जाईल असा तिचा आवाज, बाजारात तयार झालेला. "नाना, तुम्हीच सांगा. हाऊ तुमना सालदार शे का खेळाडू?"

"सालदार शे," नाना म्हणाले. "मना वावरमा काम करस. खेयस तो हौसखातर. वर्षभर बठ्ठासनी ऐकेल शे."

"मंग आज तो मोकया शे. यादीमा तुम्हीन त्यानं नाव लिखं नही, म्हनीसन संघलेबी बांधेल नही. मनाकडे त्यानी जागा खाली शे, हद्दना आत शे. आज तो आमनाकडथून खेयी." तिने श्वास घेतला. "आनि खेळाडू शे म्हनशात, ते सालना पैसा आत्तेना आत्ते यादीमा दखाडा. हद्द कितली मोडी ते मास्तर मोजतीन. दोन्हीबी तुमनंच कसं चाली?"

 मास्तर चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "नाना, बाई म्हणतात ते नियमात बसतं."

वर्षभर ती जागा कशासाठी रिकामी होती ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. टॉवेल हातातून पडला.

नाना झुलालकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण गोडवा संपला होता. "आज खेयना ते सकाय मना खयामा पाय ठेवू नको."

आता सगळं त्या पोरावर होतं. नानांच्या खळ्यावरचं पुढचं साल, वर्षाचं धान्य, कपडे, घरात बायको. नाही म्हणाला असता तर मी तरी त्याला दोष देऊ शकलो नसतो. झुलाल मैदानाबाहेर गेला. कडेला काढून ठेवलेला आपला जोडा त्याने उचलला, सालात मिळालेला तोच चामड्याचा जोडा, आणि नानांच्या खुर्चीपुढे नेऊन ठेवला.

"नही ठेवाव, नाना. हाऊ जोडा तुमना."

नंतरचं कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं, अक्काच्याही नाही. नानांचे बाकीचे तीन सालदार एकमेकांकडे बघत उभे होते. त्यातला एक निघाला, मग दुसरा, मग तिसरा. खुर्चीपुढे चार जोडे झाले. ते तिघे जाऊन मैदानाकडेच्या एका लिंबाखाली बसले. त्यांचाही तो सुटीचा दिवस होता. झोके सोडून आलेल्या बायांनी जी आरोळी ठोकली ती बसस्टँडपर्यंत गेली असेल.

सामन्याविषयी काय सांगू? नानांकडे राखीव धरून पाच खरे खेळाडू उरले होते. त्यांत त्यांनी पुतण्या घातला, गुमास्ता घातला. गुमास्ता पहिल्याच चढाईत धापा टाकत रेषेवर बसला. जिंकलो म्हणायची लाज वाटावी इतकं ते सोपं गेलं. मलाही शेवटची पाच मिनिटं आत घेतलं, यावरून काय ते समजा. पण लाज मला मुळीच वाटली नाही. मी ढालीला दोन्ही हातांनी कवटाळून वस्तीपर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच्या ओट्यावर सगळे जमलो. ते तीन सालदारही आले. आम्हाला तुमच्या संघात घ्या म्हणाले. तिघे घेतले असते तर तालुक्यात आम्हाला कोणी हरवलं नसतं. मी तर मनात ढाली ठेवायला फळीसुद्धा ठोकली होती.

"मनाकडे एकनीच जागा व्हती," अक्का म्हणाली. "हाई हद्द मीच मांडी, आते मीच मोडू का? आपापला जुना संघमा जा. तठे वाट पाही ऱ्हायनात."

ते गेले, आणि पुढच्या दिवाळीला खरंच आपापल्या यादीत लागले. चिंधाने नानांच्या माणसाला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग अक्काने झुलालसाठी राखलेले पैसे पदरातून काढले. झुलाल पुढे सरकला. तिने त्यातून एका सामन्याचे, फक्त एका सामन्याचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि बाकीचे आम्हा सगळ्यांत वाटायला घेतले. 

"जागा तुनी व्हती. ती ठेई मी," ती म्हणाली. "पैसा जे आठे खेयनात त्यासना."

 झुलाल पैसे मुठीत धरून म्हणाला, "बठ्ठं बरोबर शे, अक्का." वर्षभर ज्याच्या नावाने मी बोटं मोडली होती, त्याच्याकडे बघायचं मला धाडस होईना. अक्काविषयी जे बोललो होतो ते तर गिळायलाही जड जात होतं.

तो निघाला. रावेरकडच्या केळीच्या गाड्या भरायला जायचं ठरवलं होतं, मजुरी रोजची आणि मालक कोणी नाही. ओट्याखालचा फुफाटा तापला होता आणि त्याचे पाय उघडे होते. अक्काने दारामागे हात घातला आणि यादवभाऊच्या चपला त्याच्यापुढे टाकल्या.

आतून बाजेवरून यादवभाऊ ओरडला, "अवं, त्या मन्या चपला शेतस ना!"

"तुले कोठे जानं शे?" ती आत बघत म्हणाली, आणि झुलालला दटावलं, "उसन्या शेतस. वापस आनजो."

झुलाल त्यानंतर सात हंगाम आमच्याकडून खेळला. अक्काने दर दिवाळीला त्याचे दोन वाटे यादीत लिहिले आणि हद्दीच्या वर कधी एक रुपया गेला नाही. हिशेबात ती नवऱ्यालाही सोडत नसे. त्या चपला मात्र त्याने परत आणल्या नाहीत, आणि तिने कधी मागितल्या नाहीत.