आमच्याआधी कोण जेवून जातं

माझ्या भावजयीला, एल्दाला, मी लग्नाच्या दिवसापासून नावं ठेवत आले. तिचं हसणं चार घरांपलीकडे ऐकू जायचं, कपडे ती वाटेल तसे वाळत घालायची, आणि उलट उत्तर तिच्या जिभेवर तयारच असायचं. नणंदेचं काम मी चोख केलं. पण तिच्या हातच्या मिठाला नाव ठेवायला मला कधी जागा सापडली नाही. बोलता बोलता चिमूट उचलायची, भांड्याकडे न बघता टाकायची, आणि ते बरोबर पडायचं. माझी आई, दोन्या तोमासा, हिने जन्मात कधी सुनेचं कौतुक केलं नाही, पण एल्दाने शिजवलेला काळा घेवडा ती मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

आम्ही सगळे एकाच अंगणात राहतो. पुढच्या खोलीत आई आणि मी. मागच्या शाकारलेल्या घरात एल्दा, तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा भाऊ वाल्दो, आणि त्यांची मुलगी सुएमी, वय वर्षं सात. वाल्दो समुद्राकाठच्या हॉटेलांच्या बांधकामावर गवंडी आहे, त्यामुळे तो सुट्टीपुरताच घरी येतो. स्वयंपाकघर मात्र एकच, विहिरीशेजारी, आणि ते एल्दाचं.

गाठ तिला फेब्रुवारीत लागली. आमच्याकडच्या बायका असलं दुखणं लपवून ठेवतात. एल्दाने मक्याच्या टॉर्टिया थापता थापता सांगून टाकलं, "आई, इथे डावीकडे काहीतरी हाताला लागतंय. चिंचोक्याएवढं."

"चुलीपुढून उठून गार पाण्याने आंघोळ केली असशील," आई म्हणाली. आईच्या मते जगातली अर्धी दुखणी गार पाण्याने होतात आणि उरलेली वाऱ्याने.

मेरिदा शहरातल्या हॉस्पिटलात कोणी गार पाण्याचं नाव काढलं नाही. त्यांनी डावा स्तन काढला आणि जुलैपासून केमो सुरू केला. बसने न्यायला-आणायला मी जायचे. येताना ती प्लास्टिकच्या पिशवीत ओकायची आणि मी खिडकीबाहेर बघत बसायचे, कारण मला रडू यायचं आणि तिला ते दिसायला नको होतं. केस गेले तेव्हा ती माझ्याकडे बघत आईला म्हणाली, "बरं झालं. जेवणात केस निघाला म्हणून तुमच्या ओफेलियाला आता माझ्यावर तोंड टाकता येणार नाही."

चूल मात्र तिने सोडली नाही. आमच्याकडे खाटा नसतात, दोरीने टांगलेल्या झोळीत झोपतात. आई रोज ओरडायची, "अगं, झोळीत पड जरा! मी काय हात मोडून बसलेय?"

"झोळीत पडले की तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसता," एल्दा म्हणायची. "चुलीपाशी असले की निदान भांड्याकडे बघता."

पण तिच्या तोंडाची चव गेली होती. गंजलेला खिळा चोखल्यासारखं वाटतं म्हणायची. स्वतः शिजवलेलं वाढून घ्यायची, ताट नाकाशी न्यायची, डोळे मिटून वाफ आत ओढायची आणि ताट बाजूला सारायची. "मी आपली वासावरच जेवते," असं एकदा हसून म्हणाली. कोणी हसलं नाही.

वासावर कोण जेवतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नोव्हेंबर तोंडावर आला की आमची मेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, गरम गरम ठेवायचं, प्रार्थना म्हणायची आणि थांबायचं. ती घास खात नाहीत, वाफ घेतात. अन्नाचा जीव त्या वाफेतच असतो. ती उठली की मग आपण बसायचं. अन्न दिसायला होतं तसंच असतं, पण सपक लागतं. लहानपणापासून आम्ही ते खात आलोय, ती चव ओळखायला आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

सप्टेंबरात आमचं रोजचं जेवण तसं लागायला लागलं.

आधी मला वाटलं, हिचा हात भ्यायलाय. चव कळत नाही म्हणून मीठ कमी टाकते बिचारी. म्हणून एका दुपारी ती विहिरीवर गेली असताना मी घेवड्यात स्वतः मीठ घातलं, पळीने चाखलं. चांगलं चरचरीत लागत होतं. एल्दा आली, झाकण काढून तिने वास घेतला, झाकण ठेवलं. तेच भांडं टेबलावर आलं तेव्हा घेवडा म्हणजे नुसतं गरम पाणी आणि साल. मी आईकडे बघितलं. आई चावायची थांबली होती.

जेवणं झाल्यावर तिने मला मागे नेलं. "आपल्याआधी कोणीतरी जेवून जातंय, ओफेलिया."

"कोण?"

"मला काय विचारतेस? ताट नाकाशी कोण नेतं?"

"जीभ आवर, आई. ती जिवंत आहे, तुझ्यासमोर भांडी घासतेय."

"मी कुठे नाही म्हटलं?" आई म्हणाली. "काही माणसं जायच्या आधीच जायला लागतात."

मी चिडले, तरतरा निघून आले. पण शब्द कानातून निघतात थोडेच! मग मला नको ते दिसायला लागलं. आमचा कुत्रा वर्षानुवर्षं एल्दाच्या पायाशी झोपायचा. आता तो ती चुलीपाशी असताना तिच्या रिकाम्या झोळीकडे बघून गुरगुरायचा. मागच्या त्या घरात वारा शिरत नाही, भिंती लिंपलेल्या आहेत. तरी ती झोळी हलके हलके झुलत असायची, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. मी एकदा दोरी धरून ती थांबवली. कापड गार लागलं. बाहेर रणरणतं ऊन होतं.

ह्या सगळ्यात सुएमीकडे लक्ष द्यायचं आमचं राहूनच गेलं. ती पोर एल्दाच्या तोंडाकडे बघत जेवायची, एवढं मला आठवतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, मेलेले लहान जीव यायच्या दिवशी, मी तिच्या मनगटाला लाल दोरा बांधला. "आत्या, हा कशाला?" तिने विचारलं.

"दरवर्षी तेच विचारतेस. आलेली माणसं जाताना तुला आपलीच समजून बरोबर नेतील, म्हणून."

"दोरा नसला तर नेतात?"

"नेतात. म्हणून नीट उभी राहा, गाठ मारू दे."

दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसांची पाळी. वाल्दो आला होता, त्याने परसात खड्डा खणून दगड तापवले. पीब करायचं म्हणजे घरादाराला काम. मक्याच्या पिठात डुकराची चरबी मळायची, मधे लाल रश्श्यातली कोंबडी भरायची, केळीच्या पानात बांधायचं आणि तापल्या दगडांवर ठेवून वरून माती लोटायची. एल्दाने पीठ मळायला घेतलं तेव्हा आईने तोंड उघडलं आणि मिटलं. मळताना एल्दाचा डावा हात वर जात नव्हता, ती खांदा वाकडा करून जोर लावत होती. मीठ मी घातलं. चाखून बघितलं, आईलाही चाखायला लावलं.

दुपारी माती उकरली. खमंग वास अंगणभर सुटला. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, माझ्या बाबांचा फोटो आणि एल्दाच्या आईचा, दोन्या फिदेलियाचा. तीही ह्याच दुखण्याने गेली, पण तेव्हा कोणी त्याचं नाव सांगितलं नव्हतं. मी दोघांसाठी फेसाळ चॉकलेट ओतलं आणि किटली टेबलावरच ठेवून पीब आणायला गेले. परत आले तेव्हा सगळे जमले होते. आईने छातीवर क्रूसाची खूण केली, प्रार्थनेला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

टेबलावर तिसरा मग होता. निळा, कडेचा टवका उडालेला. एल्दाचा. त्यातून वाफ निघत होती.

"हा कोणी ठेवला?" आईने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघत होते, कारण मला वाटलं तिनेच. वाल्दोचा चेहरा राखेसारखा झाला. एल्दा दारात उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेला, हाताला पीठ.

"मी," सुएमी म्हणाली.

आईने हात उगारला. "जिवंत माणसाचा मग त्यांच्या पंगतीला? कार्टे, आईला घालवायला निघालीस?"

"ती गेलीच आहे." पोर रडत नव्हती, मला त्याचीच जास्त भीती वाटली. "ती वासावर जेवते. तिने जेवलेलं आपल्याला सपक लागतं. कुत्र्याला पण कळलंय. तुम्ही कोणी तिचं मांडलं नाहीत. ती उपाशी जाईल ना!"

जे आई आणि मी कुजबुजलो होतो ते त्या पोरीने भर दुपारी टेबलावर मांडलं होतं. मी तिला जवळ ओढायला गेले आणि माझा हात तिच्या मनगटावर पडला.

"दोरा कुठाय?"

"विहिरीत टाकला."

"का गं?"

"तूच म्हणालीस, दोरा नसला की बरोबर नेतात. मला आईबरोबर जायचंय."

मी खुर्चीची पाठ धरली. आमच्या घरात कोणी मरत होतं म्हणून नव्हे, तर दुसरं कोणी तयारी करून बसलं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता म्हणून.

एल्दा पुढे आली. लेकीला तिने जवळ घेतलं नाही. सुरी उचलली, पान फाडलं आणि पीबचा भला मोठा तुकडा कापला.

"एल्दा!" आई ओरडली. "अजून ते जेवले नाहीत!"

"थांबतील. त्यांना कुठे घाई आहे?"

तिने घास तोंडात घातला. पीबचं वरचं कवच विटेसारखं कडक असतं, आणि केमोने तिचं तोंड आतून सोललेलं होतं. ती चावत राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची रेघ आली, तरी थांबली नाही. शेवटी मान ताठ करून तिने गिळलं. मग लेकीसमोर वाकून तिने आ केला.

"बघ. नीट बघ. आत काही आहे?"

सुएमीने बोट घालून चाचपलं. "नाही."

"कुठे गेलं?"

"पोटात."

"मेलेले गिळतात?"

पोरीने नकारार्थी मान हलवली.

"मग कोणाबरोबर निघाली होतीस गं, शहाणे?"

"आई, रक्त येतंय तुला."

"येऊ दे. जिवंत माणसालाच येतं."

तेव्हा कुठे सुएमीचा बांध फुटला. ती आपल्या आईला बुक्क्या मारत रडली, आणि एल्दाने त्या सगळ्या उजव्या बाजूने झेलल्या, कारण डावीकडे अजून दुखत होतं. माझ्या आईने नवा दोरा आणून नातीला बांधला. मग सुनेचंही मनगट ओढलं. "मोठ्यांना कुठे बांधतात?" एल्दा म्हणाली. "गप," आई म्हणाली आणि दातांनी गाठ आवळली.

प्रार्थना झाली, आम्ही थांबलो, मग जेवलो. आणि पीब झकास लागत होतं! खारट, तिखट, चरबीने खुसखुशीत. वाल्दोने बोटं चाटली. सुएमीने दोनदा घेतलं. मला इतकं हलकं वाटलं की आईच्या म्हातारपणाची मी मनात थट्टाही करून घेतली. कसलं कोण आधी जेवून जातंय! नुसत्या घाबरट बायकांच्या जिभा.

दुपार कलल्यावर मी टेबल आवरायला गेले. मेणबत्त्या संपत आल्या होत्या. मांडलेलं टाकत नाहीत, घरच्यांनी संपवायचं असतं. मी बाबांचा मग उचलला, घोट घेतला. दाट, गोड, जसं ओतलं होतं तसं. फिदेलियाचा उचलला. तोही तसाच गोड. दोघांनी शिवलंसुद्धा नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिसरा मग गडबडीत तिथेच राहिला होता. तेच चॉकलेट, त्याच किटलीतलं. रंग तोच, फेसही तसाच. मी घोट घेतला.

पाणी. नुसतं कोमट पाणी.

"काय गं, माझ्या मगाला तोंड लावतेस?"

एल्दा दारात होती. कडेला सुएमी बिलगलेली, रडून रडून डोळे सुजलेले, पण चेहरा पुन्हा सात वर्षांच्या पोरीचा.

"चाखतेय," मी म्हणाले.

"कसं झालंय? मला काय कळायचंय कप्पाळ!" बोलली ती सहज, पण माझ्या तोंडावरची नजर हलवत नव्हती. तिने मला इतक्या वर्षांत एकदाही असं काही विचारलं नव्हतं. तिला खरं हवं होतं की नको होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"गोड," मी म्हणाले. "चांगलं गोड आहे."

"मग हिला दे. मघापासून मागतेय."

सुएमीने दोन्ही हात पुढे केले. मनगटावर नव्या दोऱ्याची टोकं लोंबत होती. मी मग तोंडाला लावला आणि घटाघटा, श्वास न घेता, तळापर्यंत रिकामा केला.

"अगं!" एल्दा म्हणाली. "पोरीच्या तोंडचं ओढलंस? खादाड कुठची!"

"आत्या खादाड, आत्या खादाड," सुएमी नाचायला लागली. एल्दा हसली, चार घरांपलीकडे ऐकू जाईल अशी. मीही हसले, बाहीने ओठ पुसले, आणि पोरीला दुसरं चॉकलेट करून द्यायला चूल फुंकायला बसले.