आवाज थांबला नाही म्हणून

त्या दिवशी माझा देवावरचा विश्वास डळमळला होता, हे आधीच कबूल करतो. वडिलांचा जुना ट्रक मी चालवतो. इंदूरच्या ‘जुनी इंदूर’ भागात घरासमोरच उभा असतो. क्लच सोडला की खालून खट्-खट् असा आवाज येऊ लागला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस, म्हणजे फुलीच्या आकाराचा जोड, झिजला होता. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या जेवणाची भांडी ओंकारेश्वरला पोहोचवायची होती. शेजारी बायको बसणार, आणि वाटेत घाट. ती म्हणाली, "अहो, मिस्त्रीला बोलवा ना." मी उगाच तिच्यावर खेकसलो. एवढंही मला येत नाही की काय!

सकाळपासून गाडीखाली पडून नवा क्रॉस बसवला, दोनदा उघडून पुन्हा ठोकला, तरी खट्-खट् चालूच. शेवटी डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले, "देवा, एवढा आवाज बंद कर." गाडी हलवली, आवाज तसाच. मला देवाचाच राग आला, आणि डोळेही भरून आले.

तेवढ्यात गल्लीत कुणाचा तरी पत्ता शोधत फिरणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले. "भिया, गाडी पहले बंद करा. क्रॉस नवा टाकला ना? मी महूला फौजेच्या वर्कशॉपमध्ये होतो," म्हणत ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट खाली शिरले. क्रॉसच्या टोकावरची टोपी धरून ठेवणारं लॉक खाचेत बसलंच नव्हतं. दर दसऱ्याला मी शाफ्टला भक्तिभावाने लाल ऑइलपेंट देतो, वडीलही देत. तोच रंग खाचेत साचला होता. टोपी अर्धं बोट बाहेर सरकली होती. "घाटात शाफ्टच गळून पडला असता," ते म्हणाले. "पूजा खूब करा, पण खाच तर साफ ठेवा ना भिया!" त्यांनी रंग खरवडून लॉक बसवलं, चहा घेतला आणि "जय भीम" म्हणून निघाले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटात गाडी मुकाट चालली. बायको शेजारी डुलक्या घेत होती. तिच्याकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. देवाने माझं ऐकलं असतं, तर हात जोडताच आवाज थांबला असता, टोपी तशीच निसटलेली राहिली असती आणि मी निर्धास्तपणे तिला घेऊन या उतारावर आलो असतो. आता मी रोज हात जोडतो, पण काय द्यायचं ते त्याला सांगत नाही.