आबांचा चालायचा कोटा

आमच्या चुलत सासऱ्यांएवढा चालायचा कंटाळा असलेला मानूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा न्हाय, आन त्याच मानसानं कळस गावाच्या पुढं माळाला लागून दोन खोल्या बांधल्या, त्याबी कुनासाठी तर पुन्याहून चालायला येनाऱ्या पावन्यांसाठी! सगळी त्यास्नी आबा म्हनत्यात. दाढीचा आरसा अंगनातल्या लिंबाला टांगलाय, तितपर्यंत आबा स्कूटीवर जात्यात. संडासला जाताना तर हॉर्न वाजिवत्यात. मी एकदा म्हनलं, "आबा, दहा पावलं तर हायत की!" तर म्हनलं, "सूनबाई, ल्हानपनी शेरडांमागं लय चाललोय. माझा कोटा संपला."

पावनं येत्यात त्ये माळावर हिंडायला, चिंकारा बघायला, लांडगा दिसला तर फोटू काडायला. लांडगा म्हनलं की मी दाराला कडी घालते, आन ही मानसं त्याला हुडकत हितं येत्यात! मी त्यांचं पिठलं-भाकरी बघते, आबा वाट दाखवत्यात. म्हंजी खुर्चीत बसून हात लांब करत्यात. पर पावनं निगून अर्धा तास झाला की आबांस्नीच चैन पडत न्हाय, ट्रॅक्टर काडत्यात आन वाटंत गाठत्यात, "उन्हाचं चालत कुठं निगालाय? बसा ट्रॉलीत!" एक बाई म्हनली, आमी चालायलाच आलोय. आबांनी तिच्याकडं असं बघितलं, जनू घरच्यांनी हाकलून दिलीय तिला. गावातबी तीच तऱ्हा. आमच्याकडं रस्त्यानं चालनारा म्हंजी गाडी बंद पडलेला मानूस. दूधवाल्यानं एका जोडप्याला तीनदा मोटारसायकलवर बसवून खोलीवर आनून सोडलं, तिसऱ्यांदा बिचारी बाई रडायलाच लागली.

मागच्या थंडीत माझी परी, तीन वर्साची, पावन्यांमागं गेली. मी भाकरी थापत व्हते, वळून बघते तर पोर न्हाय! पावन्यांना फोन लावला तर म्हनलं, आमच्यासंगं न्हाय. दिस कलत आलेला, डोळ्यापुढं नुसता लांडगा. मालक मोटारसायकल घिऊन एकीकडं, दीर दुसरीकडं, पर माळावरच्या खोल वघळीपुढं गाडी जातीय कुठं? मी वरडत वघळीपशी गेले तर आबांची स्कूटी आडवी पडलेली, एक चप्पल तितंच, आन आबा न्हाईत.

लय येळानं पलीकडच्या टेकाडावरनं आबा आलं. चालत! परी खांद्यावर, तिच्या हातात आबांची टोपी, टोपीत बोरं. धोतर फाटलेलं, एक पाय अनवानी. मी पोरीला धरलं, मारलंबी, रडलेबी. आबा मातीतच बसलं आन पैलं काय बोललं तर, "एवढा चाललो, एकाबी बेन्यानं गाडी थांबवली न्हाय."

घरी आल्यावर कोमट पान्यानं त्यांचं पाय धुतलं, सुईनं काटं काडलं. टाचा ह्या अशा मऊ, परीच्या असत्यात तशा. मी हळूच म्हनलं, "आबा, कोटा संपला व्हता न्हवं?"

आबा परीकडं बघत म्हनलं, "थोडा उरला व्हता. आता खरंच संपला."

दुसऱ्या दिशी सकाळी स्कूटी परत लिंबापर्यंत गेली. पुढं परी हुबी, हॉर्न तीच वाजवत व्हती. पावनं खोलीच्या दारात हुबं ऱ्हाऊन हसत व्हतं. मला मातुर हसू आलं न्हाय, मी आबांच्या टाचांकडं बघत व्हते.