हीटरची हवा

नणंदेला पाहायला उमरखेडहून पाहुणे येणार होते, आणि त्यांना दिग्रसच्या बसस्टँडवरून आपल्याच गाडीनं घरी आणायचं असं माझ्या सासऱ्यांनी ठरवलं होतं. गाडी जुनी. आदल्या दिवशी महागावहून येताना तिचा तापमानाचा काटा लाल रेघेपर्यंत चढला होता आणि मी न् सासरे रस्त्याकडेला बाभळीखाली तासभर बसून राहिलो होतो. सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. तिथं बसूनच त्यांनी निदान केलं.

"कूलंट सडलं. उद्या सकायी घरीच बदलून टाकू. पाव्हणे चारले येतीन, तोवर गाडी तयार."

नवरा नोकरीपायी नागपूरला. म्हणून गाडीखाली शिरायला मी.

सकाळी इंजिन गार असताना मी रेडिएटरच्या बुडाचा प्लग सोडला. इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट विटांच्या रंगाचं होऊन टबात पडलं, थोडं माझ्या बाहीत गेलं. सासऱ्यांनी टबावर लगेच पत्रा टाकून दगड ठेवला. "गोड लागते म्हन्तेत हे. बकरीनं तोंड घातलं तं जिवानिशी जाईन." मग साधं पाणी भरून, थोडा वेळ इंजिन चालवून, गार होऊ देऊन पुन्हा सोडलं. असं दोनदा. मग नवं हिरवं कूलंट भरलं. यातच साडेअकरा वाजले.

इथवर सगळं सुरळीत होतं. अडलं ते हवेपाशी. भरताना आत हवा अडकते. ती निघायला गाडीचं तोंड उंच करायचं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं आणि आतला हीटर पूर्ण सोडायचा. हीटरमधून गरम हवा आली, की पाणी सगळीकडे पोचलं असं समजायचं. आमच्या गाडीला हीटर आहे हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीची पुढची चाकं अंगणातल्या उतारावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. सासरे आत बसले आणि बाहेरची हवा नको म्हणून त्यांनी चारही काचा वर घेतल्या. महिना मे. मी झाकणापाशी कूलंटचा डबा धरून उभी.

"बाबा, आली का गरम हवा?"

"येऊन राह्यली."

"मग झालं ना!"

मग काच दोन बोटं खाली आली. "गरम तं हाय. पन हीटरची हाय का दिग्रसची, हे समजून नाही राह्यलं."

त्यांनी सासूबाईंना बोलावलं. त्या पुरण वाटता वाटता उठून आल्या, आत बसल्या, हीटरच्या जाळीपुढे हात धरला आणि म्हणाल्या, "आपल्या सयपाकघरात याच्याहून जास्त गरम होते." आणि परत गेल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. पाहुणे! कुणाची तरी जीप मिळाली म्हणून चारऐवजी बाराला आलेले. मुलगा आणि त्याचे वडील. सासरे काचेआडून हात जोडत होते, पण उतरत नव्हते. काट्यावरची नजर काढली तर इंजिन जाईल म्हणे. मुलाचे वडील गाडीजवळ गेले.

"काहून, तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय. जरा आत येता का? हवा कशी वाटते, सांगा."

पाहुण्याला नाही म्हणता येईना. ते शेजारी बसले, दार लागलं. मी बाहेरून पाहत होते. दोघांनी जाळीवर हात ठेवले. पाहुण्यांनी टोपी काढली. मग शर्टाची बटणं. मग ते बोलायलाच लागले. शेती किती, मुलगी काय शिकली, भाऊ किती, सगळं त्या काचांच्या आत. मुलगा ओसरीवर एकटाच उभा होता. नणंदेनं त्याला पाणी दिलं आणि तोही तिच्यामागून आत गेला.

वीसेक मिनिटांनी रेडिएटरच्या तोंडातून बुडबुडे आले, गुळण्या केल्यासारखे. पाणी खाली गेलं. मी लांबूनच कूलंट ओतलं. पुन्हा बुडबुडे, पुन्हा कूलंट. मग रेडिएटरचा पंखा एकदम घरघरत सुरू झाला आणि आतून दोघांचं एकदम ओरडणं आलं, "आली! हीटरचीच हाय!"

मी झाकण लावलं. दोघं उतरले ते निथळत. अंगणात उभ्या उभ्याच पाहुणे म्हणाले, "आमच्याकडून संबंध पक्का समजा." सासऱ्यांनी त्यांना मिठी मारली. दोघांनी आळीपाळीनं आंघोळ केली. पाहुणे सासऱ्यांची लुंगी आणि बनियन घालून पाटावर बसले.

नणंद आणि मुलगा स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"आमचंही ठरलं," नणंद म्हणाली.

"वा!" दोघे बाप एकदम.

"नाही करायचं, असं ठरलं. याले दुसरी पोरगी पसंत आहे, न् मले सध्या लग्नच नाही करायचं."

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मी घरी सांगतलं होतं. कोनी आयकलं नाही."

सासरे लुंगीतल्या पाहुण्यांकडे पाहत होते. "मंग आता?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यांनी मुलाकडे पाहिलं, मग पुरणपोळीच्या चळतीकडे.

"आता जेवू," ते म्हणाले. आणि सात पोळ्या जेवले.